पॉवरपॉइंटमध्ये मॅक्रोची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. वर्गासाठी वापरत असलेल्या सादरीकरणांतील बऱ्याच स्लाइड निरनिराळ्या सहकाऱ्यांकडून आलेल्या असल्याने मराठी मजकुराचा फॉन्ट जागोजागी वेगळा दिसतो. एक्सेलमध्ये ‘रेकॉर्ड मॅक्रो’ (आपण केलेल्या क्रिया नोंदवून त्या पुन्हा आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे मॅक्रो, बनवणारी सोय) वापरून मी निकालपत्रकाची कामे करून घेते, परंतु पॉवरपॉइंटमध्ये ते बटण कोठेच सापडत नाही. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या व्यक्तीने येथे सुरुवात कशी करावी, आणि फॉन्टचे हे काम मॅक्रोने होईल का?

उत्तर १

पॉवरपॉइंट २००७ पासून मॅक्रो रेकॉर्ड करण्याची सोय काढून टाकण्यात आली आहे. एक्सेल आणि वर्डमध्ये मात्र ती आजही आहे. त्यामुळे येथे पहिली ओळसुद्धा स्वतःच लिहावी लागते, आणि त्यासाठी आधी फाइलची अंतर्गत रचना कळली पाहिजे. प्रेझेंटेशनमध्ये स्लाइड्स, स्लाइडमध्ये शेप्स (मजकुराची चौकट, चित्र, तक्ता असा प्रत्येक घटक), शेपमध्ये टेक्स्टफ्रेम (मजकुराची जागा), तिच्यात टेक्स्टरेंज (प्रत्यक्ष मजकूर) आणि त्याचा फॉन्ट, ही उतरंड डोक्यात बसली की व्हीबीएची, म्हणजे ऑफिसमध्ये मॅक्रो लिहिण्याच्या भाषेची, निम्मी भीती जाते, असे माझे ठाम मत आहे.

फाइल मेनूतील ऑप्शन्समध्ये ‘कस्टमाइझ रिबन’ येथे डेव्हलपर टॅब सुरू करा, ऑल्ट व एफ११ दाबून एडिटर उघडा आणि इन्सर्ट मेनूतून मॉड्यूल (कोड लिहिण्याचे पान) घ्या. पहिला मॅक्रो काहीही न बदलणारा असावा: ‘फॉर ईच’ची (प्रत्येक घटकासाठी तीच कृती करणाऱ्या आज्ञेची) दोन आवर्तने, एकात दुसरे, घेऊन प्रत्येक स्लाइडवरील प्रत्येक शेपचे नाव ‘डीबग डॉट प्रिंट’ने इमिजिएट विंडोत (एडिटरमधील निकाल दाखवणाऱ्या चौकटीत) छापून पाहा. आपल्या स्लाइडवर प्रत्यक्षात काय काय आहे, हे त्या यादीतून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातूनही होत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. मराठीसाठी एक गोष्ट मुद्दाम जोडतो, कारण इंग्रजी मार्गदर्शनात ती क्वचितच आढळते. फॉन्टचा नेहमीचा ‘नेम’ हा गुणधर्म बदलला तर इंग्रजी अक्षरे बदलतात, पण देवनागरी मजकूर जसाच्या तसा राहू शकतो. देवनागरीसाठी ‘नेमकॉम्प्लेक्सस्क्रिप्ट’ हा वेगळा गुणधर्म आहे आणि त्यात मंगल, निर्मला यूआय किंवा तुम्हाला हवा तो फॉन्ट द्यावा लागतो.

त्याआधी ‘हॅजटेक्स्टफ्रेम’ (शेपमध्ये मजकुराची जागा आहे का) तपासावे, अन्यथा चित्रासारख्या शेपवर मॅक्रो त्रुटी देऊन थांबतो. मात्र ही तपासणी गटबद्ध शेप आणि तक्ते यांनाही निमूटपणे वगळते. भूगोलाच्या स्लाइडवर नकाशावरील नावे बहुधा गटातच असतील, तेव्हा गटासाठी ‘ग्रुपआयटम्स’मधून (गटातील शेपच्या यादीतून) आणि तक्त्यासाठी एकेका सेलमधून फिरण्याची तजवीज स्वतंत्रपणे करा. व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टंकल्यास सहसा प्रश्नचिन्हेच उमटतात, म्हणून टिपा आणि नावे रोमन लिपीत ठेवावीत.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काही जुन्या स्लाइडमधील मजकूर श्रीलिपीत टंकलेला आहे. त्यालाही हाच मॅक्रो चालेल का?

उत्तर ३

नाही, आणि तेथे फार सावध राहावे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षरे युनिकोडच्या (सर्व लिप्यांसाठीच्या प्रमाणित संकेतपद्धतीच्या) देवनागरी स्थानांवर नसून इतर चिन्हांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे केवळ फॉन्ट बदलला तर वाचता न येणारी चिन्हे उरतात. तो मजकूर आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा लागेल. त्या स्लाइड तोपर्यंत वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवणे उत्तम.

मॅक्रो नेहमी मूळ फाइलच्या प्रतीवर चालवा. मॅक्रोसह फाइल जतन करताना ‘पीपीटीएम’ हा प्रकार निवडा, कारण ‘पीपीटीएक्स’मध्ये मॅक्रो राहत नाही. ही फाइल ईमेलने सहकाऱ्यांना पाठवली तर ऑफिसच्या सध्याच्या आवृत्त्या इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो मुळातच रोखतात. परंतु सहकाऱ्यांना मॅक्रो नव्हे, तर दुरुस्त झालेल्या स्लाइडच हव्या आहेत. तेव्हा काम झाल्यावर त्यांना साधी ‘पीपीटीएक्स’ प्रत द्यावी.