मदत हवी आहे: तरंगणारे तुकडे मधे जमतच नाहीत!

सायली_र
शनिवारी लेकाचं विज्ञान प्रदर्शन आहे. विषय: समुद्रातले प्रवाह प्लास्टिकचा कचरा एका जागी कसा गोळा करतात. तीन दिवस पाणी गोल फिरवतोय, तुकडे कडेलाच जाऊन चिकटतात. पुस्तकात तर मधे जमतात असं दिलंय. काय चुकतंय? लवकर सांगा, प्लीज.

बापू_हर्णै
कशात फिरवताय? कशाने? तुकडे कसले?

सायली_र
घरातल्या परातीत, पळीने ढवळून. थर्माकोल आणि स्ट्रॉचे तुकडे.

हिरवी_वाट
त्यापेक्षा ओला-सुका कचरा वर्गीकरणाचा तक्ता करा. आमच्या सोसायटीत मुलांनी केला होता, लोकांवर खरंच परिणाम झाला. फोटो हवेत तर टाकते.

सायली_र
विषय शाळेने ठरवून दिलाय हो.

निळावंती
ताई, परातीचं काही चुकत नाहीये. चहा ढवळून बघा. तळाची पावडर मधे येते, वर तरंगणारं कडेला सरकतं. तळाशी घासून पाणी मंदावतं, आत सरकतं, मधून वर येतं आणि पृष्ठभागावरून बाहेर जातं.

समुद्रात ढवळणारा वारा आहे आणि खाली पृथ्वी फिरतेय. नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याला १८९३ ते ९६च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत दिसलं की बर्फ वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता उजवीकडे कलत वाहतो. त्याचं गणित पुढे एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडलं: उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरच्या थरातलं पाणी एकूण हिशेबात वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात सरकतं. आता उत्तर पॅसिफिक बघा. दक्षिणेच्या बाजूला व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात, त्यांची उजवी बाजू उत्तर. उत्तरेच्या बाजूचे वारे पूर्वेकडे वाहतात, त्यांची उजवी बाजू दक्षिण. दोन्हीकडून पाणी मधे लोटलं जातं आणि तिथे सावकाश खाली बसतं. प्लास्टिक तरंगतं, ते खाली जाऊ शकत नाही. म्हणून वरच राहतं.

म्हणजे पाणी ढवळायचं नाही, भांडंच फिरवायचं आणि वरून वारा द्यायचा.

जुना_मास्तर
मग रेकॉर्ड प्लेअर घ्या! त्याच्यासारखी एकसारखी गती हाताला जमणार नाही. मी वर्गात वापरलाय.

बापू_हर्णै
मास्तर, पाण्याची परात त्या तबकडीला पेलेल का?

निळावंती
शिवाय तो घड्याळाच्या दिशेने फिरतो. वरून पाहिलं तर उत्तर गोलार्ध उलट फिरतो, म्हणजे हा दक्षिण गोलार्ध झाला. वारा उलट द्यावा लागेल.

जुना_मास्तर
लहान वाडगा ठेवला तर पेलतो. दक्षिण गोलार्धातही असे कचऱ्याचे भोवरे आहेतच की.

किरण_पुणे
एवढी खटपट कशाला? पॅसिफिकमधलं प्लास्टिकचं बेट उपग्रहातून दिसतं, तो फोटो लावा.

निळावंती
असं बेट नाही, कृपा करून मुलाला हे सांगू नका. २०१८च्या अभ्यासात हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधला पट्टा १६ लाख चौरस किलोमीटर आणि कचरा सुमारे ७९ हजार टन निघाला. भागाकार करा: चौरस किलोमीटरला ५० किलोच्या आसपास. वजनाने जवळपास निम्मी मासेमारीची जाळी.

बापू_हर्णै
अवांतर, पण आमच्याकडे कचरा पावसाळ्यातच येतो. मेमध्ये किनारा झाडावा आणि जूनमध्ये पुन्हा चपला, बाटल्या, जाळ्यांचे गुंते. हा तुमच्या पॅसिफिकचा भोवरा नव्हे ना?

निळावंती
नव्हे. अरबी समुद्र उत्तरेला जमिनीने बंद आहे आणि मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाहही दिशा बदलतात, म्हणून तसा कायमचा भोवरा इथे टिकत नाही. पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे, आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे. २५ मे २०२५ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडालं, त्यातले प्लास्टिकचे दाणे तिरुवनंतपुरमपर्यंत आणि पुढे कन्याकुमारीलाही लागले. हिवाळ्यात बुडालं असतं तर प्रवाह उत्तरेकडे असता.

सायली_र
सगळे थांबा. फिरवायला केक सजवायची फिरती थाळी चालेल? मी केकच्या ऑर्डरी घेते, घरात आहे.

बापू_हर्णै
हे आधी सांगायचं ना, ताई!

निळावंती
उत्तम. परातीऐवजी उभ्या कडेचा गोल केकचा डबा ठेवा. घड्याळाच्या उलट दिशेने, एका गतीने, निदान पाच मिनिटं फिरवा म्हणजे पाणी डब्याबरोबर फिरू लागेल. मग हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून कडेने, घड्याळाच्या दिशेने हलका वारा द्या. थर्माकोल सोडा, वारा त्यालाच उडवेल. पंचिंग मशीनचे कागदी ठिपके टाका.

सायली_र (शुक्रवार, रात्री)
पहिल्यांदा थाळी मधेच थांबली आणि सगळं बिघडलं. दुसऱ्या वेळी लेकाने फिरवली, मी वारा दिला. अर्धेअधिक ठिपके मधे आले, बाकीचे कडेलाच. परीक्षकांनी कडेच्या ठिपक्यांबद्दल विचारलं तर काय सांगू?

बापू_हर्णै
सांगा, हे आमच्या हर्णैला लागले.