मदत हवी आहे: थार मागून बसायली, सस्पेन्शन कोणतं टाकू?

गेवराईकर
नमस्कार मंडळी. थार आहे. माल भरला की मागून बसायली, खड्ड्यात धाडकन आपटायली. शेताचा रस्ता काळ्या मातीचा, पाऊस झाला की बघायलाच नको. सस्पेन्शन अपग्रेड करायचंय. कोणतं किट घेऊ? दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं) की तीन? पेरणीच्या आधी काम उरकायचंय, लवकर सांगा. बजेटचं बघून घेऊ.

पाटाकमान
कोणती थार? २०२० च्या आधीची की नंतरची? जुनी असेल तर डीआय की सीआरडीई (इंजिनचे दोन प्रकार)? सीआरडीईला पुढं टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारा लोखंडी दांडा) आणि मागं पाटे (लीफ स्प्रिंग), डीआयला पुढंही पाटेच. नव्या थारला चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. हे न सांगता किट विचारणं म्हणजे जनावर न दाखवता औषध मागणं.

चिखल्या
काळ्या मातीत सस्पेन्शन काही करत नाही भाऊ. पहिले टायर बदला. महामार्गाचे टायर दोन चकरांत चिखलाने भरून गुळगुळीत होतात, मग लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) असो की लिफ्ट, चाक जागेवरच फिरतं. मड टेरेन (चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर) घ्या. सीआरडीईला २४५/७५ आर १६ बसतो, तोच साइज ठेवा. चिखलात हवा थोडी कमी करा, डांबरी लागली की परत भरा.

पाटाकमान
@चिखल्या, गाडी फसते असं त्यांनी लिहिलेलंच नाही. बसते आणि आपटते म्हणतायत.

गेवराईकर
सीआरडीई आहे, २०१६ ची. माल म्हणजे खताच्या गोण्या, कधी फवारणीचं पाण्याचं बॅरल. मागच्या बाकांवर माणसंही असतात. शॉकअप नवेच आहेत, नामांकित कंपनीचे, तरी फरक शून्य. म्हणूनच तर चांगलं किट विचारतोय. नाव सांगा फक्त.

हायवे५२
सोपं आहे. पुढच्या टॉर्शन बारचे बोल्ट आवळा, गाडी इंच-दीड इंच उचलते, खर्च फक्त अलाइनमेंटचा. मागं मूळपेक्षा दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा) टाका. झाली लिफ्ट. किटचे पैसे वाचले.

बालाघाटी
@हायवे५२, तीन गोष्टी सुटल्या.
पहिली, दोन इंच लांब शॅकलने गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक चेसिसला पक्कं असतं. शिवाय अ‍ॅक्सल फिरतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि वेगात खालून थरथर सुरू होते.
दुसरी, टॉर्शन बारचा बोल्ट आवळल्याने बार ताठ होत नाही. ताठपणा बारच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. बोल्टने फक्त उभी राहायची उंची बदलते. जेवढं वर उचलाल तेवढी चाकाची खाली लोंबायची जागा कमी होते. मग खड्ड्यात चाक उतरताना आर्म (चाक धरणारा दांडा) रबरी स्टॉपवर आपटतो, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्यांचे बूट (जॉइंटवरची रबरी टोपणं) फाटतात. फाटलेल्या बूटात काळा चिखल गेला की जॉइंट संपला.
तिसरी, यांची गाडी मागून बसतेय. पुढून उचलली तर आणखी मागं कलंडेल, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

हायवे५२
इंचभर आवळल्याने काही होत नाही. अनेकजण करतात.

बालाघाटी
इंचभराला माझीही ना नाही, पद्धतशीर केलं तर. चाकं हवेत लोंबकळत ठेवून, बोल्टवर रंगाची खूण करून, दोन्ही बाजूंना सारखे फेरे. मग गाडी थोडी चालवून बसू द्यायची, पुन्हा मोजायची, शेवटी अलाइनमेंट. पण या धाग्याचा आजार तो नाही.

सिंदफणा
गेवराईकर, शॉकअप नवे टाकूनही फरक नाही हेच महत्त्वाचं आहे. वजन शॉकअप उचलत नाही, पाटे उचलतात. शॉकअपचं काम फक्त उसळी थांबवणं. मागून बसणं हा पाट्यांचा प्रश्न, त्यावर कोणत्याही देशाचा शॉकअप टाका, गाडी तेवढीच बसणार.
आता वजन नीट सांगा. डीएपीची गोणी ५० किलोची, युरियाची ४५ ची. दहा डीएपी म्हणजे ५०० किलो. २०० लिटरचं भरलेलं बॅरल म्हणजे २०० किलो, बॅरल वेगळं. वर चार माणसं. मालकपुस्तिकेत जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन) बघा, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन, डिझेल आणि ड्रायव्हर वजा करा, उरेल तेवढाच माल. पाटे कितीही जाड टाकले तरी अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात, हे विसरू नका.
आणखी एक. हे वजन कायम असतं की कधीमधी? सगळा निर्णय यावर आहे. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन या सस्पेन्शन ब्रँडचे मागचे स्प्रिंग वजनाच्या गटानुसार येतात, त्यात कायम लादलेलं वजन धरलेलं असतं. कधीमधी माल नेणाऱ्याने जड गटाचा स्प्रिंग घेतला तर रिकामी गाडी दगडासारखी उडते, मागचं चाक रस्ता सोडतं.

गेवराईकर
कायम नाही. पेरणी, फवारणी आणि खताच्या वेळी. एरवी घरची माणसं घेऊन बीड, फार तर संभाजीनगर.

खडकी_फाटा
मग ही विका आणि नवीन घ्या ना. नव्या थारला मागं मल्टिलिंक आणि कॉइल, बसायला कितीतरी आरामदायी. नाहीतर मारुतीची जिम्नी बघा.

सिंदफणा
@खडकी_फाटा, खताच्या गोण्या जिम्नीत?

आरटीओचा_मित्र
कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. कलम १८२ए (४) मध्ये प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झिजलेला पार्ट काढून तसाच नवा बसवणं वेगळं, तीन इंच लिफ्ट वेगळी. अपघात झाला तर विम्यावाले गाडीखाली वाकून बघतात.

पाटाकमान
लिफ्टचा विषय बाजूला ठेवा. गेवराईकर, आज एवढंच करा. गाडी सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये सारखी हवा, आत कुणी नाही. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं अंतर मोजा. मग नेहमीचा माल भरून पुन्हा. जवळ जिनिंगचा किंवा कारखान्याचा काटा असेल तर फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करा. मोठ्या काट्यावर १०-२० किलो इकडंतिकडं होतात, चालतंय. आणि खाली शिरून पाटे धुवा. चिखलाखाली काही दिसत नसतं.

जुनं_ते_सोनं
धुतल्यावर पाट्यांना जळकं ऑइल मारा, कर्रकर्र बंद होते.

बालाघाटी
जळकं ऑइल नको! रबरी बुश फुगून सडतात, वर धूळ चिकटून पाट्यांमध्ये घासणारी लगदी तयार होते. आवाज येत असेल तर पाटे मोकळे करून तारेच्या ब्रशने घासा, मधे ग्राफाइट ग्रीस, टोकांचे पॅड झिजले असतील तर नवे.

जुनं_ते_सोनं
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वर्षानुवर्षं मारतात.

बालाघाटी
ट्रॉलीच्या पाट्यात बहुतेक रबरी बुश नसतातच, म्हणून.

गेवराईकर
मोजलं. रिकामी: मागं डावीकडं ४७ सेमी, उजवीकडं ४९.५. माल भरून: डावीकडं ४०, उजवीकडं ४४. पुढं दोन्हीकडं सारखंच. काटा बंद होता. पाटे धुतले, डाव्या बाजूचा वरून दुसरा पाटा मधल्या बोल्टाजवळ चिरलाय असं वाटतंय, यू-बोल्टच्या (पाटे धुऱ्याला बांधणारा यू आकाराचा बोल्ट) प्लेटखाली गंजाची लाल रेघ दिसते. आता हा एक पाटा बदलू की किट घेऊ?

पाटाकमान
रिकाम्या गाडीत अडीच सेमीचा फरक, भरल्यावर चार. वजन वाढलं की फरकही वाढतो, म्हणजे डावी बाजू कमजोर आहे. लाल रेघ म्हणजे तुटलेल्या जागी लोखंड लोखंडावर घासतंय. मधल्या भोकापाशी पाटा तुटण्याचं नेहमीचं कारण सैल यू-बोल्ट. बोल्ट घट्ट असले की पाट्याचा मधला भाग वाकत नाही. सैल झाले की सगळा वाक त्या भोकावर येतो, आणि पाट्यात सगळ्यात कमजोर जागा तीच.

एकच पाटा किंवा एकच बाजू बदलू नका. उजवे पाटेही तेवढेच थकलेत, नव्या डाव्यासमोर गाडी उजवीकडं कलेल. दोन्ही बाजूंचे पूर्ण संच मूळ मापाचे घ्या, सोबत बुश, शॅकल पिना, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, परत वापरायचे नाहीत. कुणी म्हणेल जुन्याच पाट्यांना भट्टीत तापवून कमान चढवून देतो. नीट पाणी पाजणं आणि टेम्परिंग (पुन्हा हलकं तापवणं) नसेल तर ती कमान पहिल्याच हंगामात उतरते.

हायवे५२
मग माल भरल्यावर काय? मूळ मापाचे नवे पाटेही थोडेफार बसणारच की. एक जाड पाटा जास्तीचा टाका.

सिंदफणा
जास्तीचा पाटा टाका, पण कुठला ते बघा. लांब, कमान असलेला पाटा संचात घातला तर तो रिकाम्या गाडीतही काम करतो, मग माणसांना रोज धक्के. तुम्हाला हवा तो हेल्पर: आखूड, जवळपास सपाट, संचाच्या तळाशी. वरचे पाटे वजनाने खाली आले की मगच टेकतो.
जाडीही जपून. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमी घातला तर तो एक पाटा जवळपास ५९ टक्के ताठ होतो, ८ मिमीचा तर दुपटीहून जास्त. कमानवाल्याला (पाटे बनवणाऱ्याला) 'जरा जाड टाक' एवढंच सांगून सोडू नका.

बालाघाटी
बसवताना तीन ठिकाणी चुकतं. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका राहून गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, टॉर्क पान्याने. आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधला. शंभर किलोमीटरवर आणि पुन्हा पाचशेवर आवळा. आणि शॅकलचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे घट्ट करा. जॅकवर असताना केले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.
मागच्या अ‍ॅक्सलला रॉडने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असेल तर तोही बघा. मागची उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

चिखल्या
आणि टायर?

गेवराईकर
टायरचं दिवाळीत बघू. शॉकअप आहेत तेच ठेवू का मग? आणि यू-बोल्ट किती एमएमचे घ्यायचे, हेल्परसकट?

पाटाकमान
उंची मूळचीच राहणार, तेव्हा शॉकअप तेच. फक्त तेल गळत नाही ना आणि रबरी बंप स्टॉप जागेवर आहेत ना ते बघा. स्टॉप नसेल तर आपटताना शॉकअपच तळाला लागतो आणि आतून फुटतो. यू-बोल्टची जाडी जुना काढून व्हर्नियरने मोजा, आटेही तेच घ्या. हेल्परने संच जेवढा जाड झाला तेवढीच बोल्टची सरळ बाजू लांब हवी, आवळल्यावर नटाच्या खाली दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. दुकानात जाताना जुना यू-बोल्ट आणि तुटका पाटा दोन्ही सोबत न्या.