‘व्यस्त प्रमाण’मधला व्यस्त कोणता?

भाचीला बॉईलचा नियम मराठीत सांगत होतो: तापमान स्थिर ठेवलं तर ठरावीक वायूचा दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असतात. तिने लगेच विचारलं, “मामा, दाब कशात व्यस्त असतो?” मला पटकन उत्तर देता येईना. ‘उलट प्रमाण’ म्हटलं तर चालेल का?

—

‘व्यस्त’ सोडून देऊ नका, फार जुना शब्द आहे. ‘कामात गुंतलेला’ हा अर्थ हिंदीतून आला. त्यासाठी आपल्याकडे ‘व्यग्र’ आहे. मूळ ‘व्यस्त’ म्हणजे विस्कटलेलं, उलटं केलेलं. ‘अस्ताव्यस्त’मध्ये तोच आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) व्यस्त त्रैराशिक आहे. दहा माणसांना सहा दिवस लागतात, तर वीस माणसांना तीन, ही त्याच जातीची गणितं.

‘उलट’ म्हटल्याने मात्र निम्मंच कळतं. एक वाढलं की दुसरं कमी होतं एवढंच नाही, दोघांचा गुणाकार तोच राहतो. सगळी गोम इथे आहे! बॉईलने 1662 साली छापलेले आकडे भाचीला दाखवा. एका बाजूने बंद असलेल्या वाकड्या नळीत हवा कोंडून तो दुसऱ्या बाजूने पारा ओतत गेला. हवा 48 भाग होती तेव्हा दाब 29 पूर्णांक 2/16 इंच पारा, म्हणजे तेवढ्या उंच पाऱ्याच्या स्तंभाइतका. हवा 24 भागांवर आली तेव्हा 58 पूर्णांक 13/16. गुणाकार करून बघा: 1398 आणि 1411.5. हाताने ओतलेल्या पाऱ्यावर शंभरात एकाहूनही कमी फरक. मला तर हे आकडे बघून दरवेळी भरून येतं.

—

मुलांना मी सिरिंज देते, सुई न लावलेली. दट्ट्या 10 मिलीवर ठेवायचा, तोंडावर अंगठा घट्ट धरायचा आणि दट्ट्या सावकाश 5 पर्यंत रेटायचा. आतला दाब दुप्पट झालेला असतो, अंगठ्याला कळतोच. सोडला की दट्ट्या मागे येतो. ‘सावकाश’ महत्त्वाचं, कारण झटक्यात दाबली तर हवा तापते (सायकलचा पंप हाताला गरम लागतो तो बराचसा त्यामुळेच) आणि मग ‘तापमान स्थिर’ ही अटच मोडते.

आणि कृपया ‘वायूचा दबाव’ लिहू नका. दबाव माणसावर येतो. हवेचा, पाण्याचा, रक्ताचा तो दाब.