प्रतिसाद : येऊरच्या डोंगराचे संगणकीय दृश्य
ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचे दृश्य ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उभारताना झाडे वाढवली की ते अडते, अशी तक्रार या चर्चेत आली आहे; तिचे कारण झाडांची संख्या नसून प्रत्येक झाडाची स्वतंत्र प्रत हे आहे. चार-सहा मूळ नमुने इन्स्टन्स म्हणून, म्हणजे नवी प्रत न काढता तोच नमुना पुन्हा वापरून, आकार व दिशा बदलत पसरवल्यास मेमरी फारशी वाढत नाही. येऊरच्या उंचसखलपणासाठी चर्चेत सुचवलेली, 2000 सालच्या एसआरटीएम या अवकाशातून रडारने जमिनीची उंची मोजणाऱ्या मोहिमेची माहिती उपयुक्तच आहे; परंतु तिच्यातील बिंदू सुमारे 30 मीटर अंतरावर असल्याने लहान ओढे व घळी बुजतात, शिवाय रडारचे तरंग दाट जंगलात जमिनीपर्यंत नीट पोहोचत नसल्याने झाडांची थोडी उंची डोंगरातच मिसळते. खरी मेहनत मात्र हवेवर घ्यावी, असे माझे मत आहे. ऐरोलीच्या पुलावरून पारसिकची डोंगररांग मधल्या दमट हवेमुळे निळसर-करडी दिसते. तो दमट पडदा नसेल, तर कितीही पाने घातली तरी डोंगर दिवाळीतल्या किल्ल्याएवढाच वाटतो.