प्रति: मग स्वतःची साइट कशाला?

फेसबुकवर कव्हर फोटो हवा तसा बदलता येतो, मग स्वतःची साइट कशाला, असं इथं कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. खरी अडचण मांडणीची आहे. अंबाजोगाईचा माझा मावसभाऊ आजीच्या जात्यावरच्या ओव्या आधी फेसबुकवर टाकायचा. चार दिवसांत ओवी खाली गेली की गेलीच, कुणाला सापडायची नाही. मग त्यानं नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपानं ज्या खुणांत लिहितात ती भाषा, लिहून स्वतःच्या साइटची पानं केली. डावीकडं माहेर, सासर, भाऊराया, पंढरी अशी यादी, मागं आजीच्या इरकली लुगड्याच्या काठाचा रंग. फेसबुकसारखा कुठला तयार साचा देईल हे?

आणि साचा देणारानंच दुकान बंद केलं तर? फेसबुकसारखंच असलेलं गूगलचं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. जिओसिटीज या फुकट साइट करू देणाऱ्या सेवेवर तर लोकांनी हातानं केलेली पानं होती, याहू कंपनीनं अमेरिकेतली ती सेवाही २००९ मध्ये गुंडाळली. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेनं आणि काही स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतलं तेवढंच वाचलं. म्हणून डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आपल्या नावावर आणि फायली आपल्या संगणकावर हव्यातच. भावानं मध्यंतरी होस्टिंगवाला, म्हणजे साइटच्या फायली इंटरनेटवर ठेवायला जागा देणारा, बदलला. सगळं फोल्डर उचलून दुसरीकडं ठेवलं, पत्ता तोच राहिला, एक ओवीसुद्धा इकडची तिकडं झाली नाही.