टॅलीचा बॅकअप शेड्यूल केलाय का? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आमचं सांगलीत हळद-बेदाण्याचं अडत दुकान. चार कॉम्प्युटर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एकावर आणि बाकी तिघं नेटवर्कवरून तिथंच एंट्र्या मारतात. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवायची सोय) रोज रात्री कॉपी लावलेली. मार्चमध्ये हार्डडिस्क गेली, बॅकअपचं फोल्डर उघडलं तर शेवटची तारीख ऑगस्टची! ऑगस्टमध्ये विंडोजचा पासवर्ड बदललेला, टास्कमध्ये जुनाच राहिला, मग रोज रात्री टास्क फेल आणि कुणी उघडून बघितलंच नाही. सात महिन्यांच्या पावत्या फायलीतून काढून दोन पोरांनी परत चढवल्या, विक्रीचे आकडे जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) वरून जुळवले म्हणून निभावलं. तुमच्याकडं काय झालं, काय सेटिंग ठेवता, सविस्तर लिहा.

---

दादा, आमच्याकडे हाताने रन केलं की कॉपी व्हायची, रात्री मात्र नाही. आठवडाभर डोकं फोडलं. सर्व्हरवरचं फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं (मॅप केलेलं) होतं आणि तो ड्राइव्ह ज्याने लॉगिन केलंय त्याच्यापुरताच असतो, लॉगिन नसतानाही चालव असं टास्कला सांगितलं की त्याला तो ड्राइव्ह दिसतच नाही. बॅच फाइलमध्ये (टास्क चालवतो ती कमांडची फाइल) झेड काढून सर्व्हरचा पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, टाकला, तेव्हापासून चालू आहे. आणि रोबोकॉपी (विंडोजची फायली कॉपी करायची कमांड) वापरत असाल तर टास्कच्या लास्ट रन रिझल्टला ०एक्स१ दिसलं म्हणून घाबरू नका, १ म्हणजे फायली कॉपी झाल्या. ८ किंवा वरचा आकडा आला तर मात्र लगेच बघा.

---

मी टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात आहे. आम्ही दुपारी दीडला लावलं होतं, सगळे जेवायला जातात म्हणून. पण जेवायला जाताना टॅली कोण बंद करतं? उघड्या डेटाची अर्धवट कॉपी झाली, रिस्टोअर केल्यावर टॅलीतली कंपनी (म्हणजे त्या फर्मचे हिशेब) उघडेचना. आता रात्री साडेदहा, आणि शेवटी निघणाऱ्याने सगळ्या मशीनवरची टॅली बंद करायची, हे दारावर कागद चिकटवून लिहिलंय. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड आहे त्यांनी तर हे मनावर घ्याच, ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा नियम आहे.

---

आमच्याकडे रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. एक्स्टर्नल डिस्क कायम जोडलेली होती, सर्व्हरसोबत तीही लॉक झाली. त्या सकाळी वडील गल्ल्यावर नुसते बसून होते, त्यांचा चेहरा अजून आठवतो. आता दोन डिस्क आळीपाळीने, एक कायम घरच्या कपाटात. मिररवाली कॉपीही बंद केली, कारण मूळ फोल्डरमधून चुकून काही उडालं की रात्री ते बॅकअपमधूनही उडतं. वारानुसार सात फोल्डर ठेवलेत.

---

टास्क सक्सेस दाखवतो म्हणून निवांत बसू नका, एवढंच कळकळीने सांगते. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरात टाकून उघडते आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकेचा तक्ता) नि शेवटचा व्हाउचर (एंट्री) नंबर सर्व्हरशी ताडून बघते. जूनमध्ये असंच बघताना मालकांच्या नव्या फर्मचं नावच यादीत दिसेना. एप्रिलमध्ये तिची कंपनी टॅलीत तयार केली होती आणि आमच्या बॅच फाइलमध्ये पाथ होता फक्त जुन्या कंपनीच्या नंबरच्या फोल्डरचा. त्याच दिवशी पाथ बदलून अख्खं डेटा फोल्डर घातलं.