‘स्वातंत्र्य’ की ‘मोकळीक’? एडमंड बर्कच्या एका भाषणाच्या निमित्ताने

प्रश्न : ब्रिटनच्या अमेरिकी वसाहतींशी समेट करावा, असे सांगणारे ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कचे भाषण (ब्रिटिश संसद, २२ मार्च १७७५) मी मराठीत आणत आहे. त्यातील ‘लिबर्टी’ला ‘स्वातंत्र्य’ म्हटले की बर्क अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता होता, असा वाचकाचा समज होतो. ‘मोकळीक’ चालेल का?

प्रतिसाद : चालणार नाही, असे मला वाटते. मोकळीक, मुभा, सवलत या गोष्टी कोणीतरी वरचा देतो आणि मनात येईल तेव्हा काढूनही घेतो. बर्कचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. वसाहतींतले लोक इंग्रजांचे वंशज आहेत आणि स्वातंत्र्याची ओढ त्यांच्याकडे वारशानेच आलेली आहे, असे तो मांडतो. निव्वळ अमूर्त स्वातंत्र्य कुठेच सापडत नाही, ते एखाद्या प्रत्यक्ष गोष्टीला चिकटलेले असते आणि इंग्रजांच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे कर, हेही याच भाषणात आहे.

आपली अडचण मात्र खरी आहे. तिचे मूळ ‘स्वतंत्र’ या शब्दाच्या रोजच्या वापरात असावे. स्वतंत्र बिऱ्हाड, स्वतंत्र खोली, स्वतंत्र अर्ज यांत ‘स्वतंत्र’ म्हणजे केवळ वेगळे. त्यामुळे ‘वसाहतींचे स्वातंत्र्य’ म्हणताच घर फुटून वेगळे बिऱ्हाड थाटल्याचे चित्र उभे राहते, आणि १७७५ साली बर्कची सारी धडपड तर घर एकत्र राहावे म्हणून होती. तेव्हा ‘वसाहतींतील लोकांचे नागरी स्वातंत्र्य’ असे लिहावे आणि वसाहतींनी ब्रिटनपासून वेगळे होत असल्याचे सांगणाऱ्या जुलै १७७६च्या जाहीरनाम्याविषयी बोलताना ‘सार्वभौमत्व’ वापरावे.

प्रश्नकर्ता : ‘नागरी’ हे विशेषण पटले. बळाच्या वापराविषयीच्या वाक्यात मात्र ‘नमवणे’ आणि ‘जिंकणे’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, हे ठरत नाही.

दुसरा प्रतिसाद : दोन्ही घ्यावेत, कारण मुळातही दोन वेगळे शब्द आहेत. मी असे करीन : ‘बळाने क्षणभर नमवता येते, पण पुन्हा नमवण्याची गरज संपत नाही; आणि ज्या राष्ट्राला सतत जिंकत राहावे लागते, त्याच्यावर राज्य चालले आहे असे म्हणता येत नाही.’ नमलेला माणूस मान वर काढतोच, हे ‘नमवणे’त गृहीत आहे. जिंकणे मात्र एकदाचे असायला हवे. ‘जिंकत राहणे’ म्हटल्याबरोबर त्यातला फोलपणा उघडा पडतो, आणि मूळ वाक्याचा डंख तिथेच आहे.

एक सूचना. प्रस्तावनेत बर्कला ‘युद्धविरोधी’ म्हणू नये. क्रांतिकारी फ्रान्सशी तह करण्याला १७९६ साली त्याने कडाडून विरोध केला होता. या भाषणातला त्याचा आक्षेप ‘युद्ध’ या गोष्टीला नसून, ज्यांना आपले म्हणून राखायचे आहे त्यांच्यावरच बळ चालवण्याला आहे. कारण अशा झगड्यानंतर हाती येते ते पूर्वीचे धड राहत नाही, असे तो सांगतो. म्हणून या भाषणापुरता ‘बळ’ हाच शब्द शेवटपर्यंत ठेवावा.